मासे सांगतात पाण्यातल्या औषधाची गोष्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खरिपाची फवारणी सुरू झाली की मच्छीमार सोसायट्या, शेततळ्यात मासे सोडलेले शेतकरी आणि प्राणिशास्त्राचे विद्यार्थी यांच्याकडून तेच तेच प्रश्न येत राहतात : पिकावर मारलेले औषध, म्हणजे कीटकनाशक किंवा तणनाशक, पाण्यात उतरले का हे माशांवरून कसे ओळखायचे? ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुख्यतः पूर्व विदर्भातल्या तलावांची आणि राज्यभरच्या शेततळ्यांची आहेत, पण माशाच्या शरीरात जे घडते ते कुठल्याही नदीत तसेच घडते.

पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत देता येतो. मग मासे कशाला तपासायचे?

बाटलीतले पाणी ती भरली त्या क्षणापुरतेच सांगते. भंडारा, गोंदियाकडचे उदाहरण घ्या. धानाच्या बांध्यांतून उतरलेले पाणी बोडीत, म्हणजे लहान तळ्यात जाते आणि तिथून मालगुजारी तलावात, म्हणजे गावच्या जुन्या मोठ्या तलावात. रोवणीनंतर खोडकिड्यासाठी फवारणी झाली आणि त्याच रात्री जोराचा पाऊस आला, तर औषध काही तासांत तलावात पोहोचते. मग ते नव्या पाण्यात पातळ होते, काही गाळाला चिकटते, काही उन्हाने आणि जिवाणूंमुळे विघटित होते. लोकांच्या लक्षात येऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाटली भरली जाते आणि अहवालात बऱ्याचदा ‘आढळले नाही’ असे येते. मासा मात्र त्या रात्री पाण्यातच होता. कल्ल्यांवरून अखंड पाणी वाहत असल्यामुळे जे पाण्यात होते ते त्याच्या रक्तात गेले, आणि त्याची खूण काही औषधांच्या बाबतीत आठवडाभर, काहींच्या बाबतीत वर्षभरही राहते.

दुसरे कारण असे की प्रयोगशाळा आपण दिलेल्या यादीतलीच रसायने शोधते. शेतात दोन-तीन औषधे एकत्र मिसळून मारली जातात आणि त्यांचा एकत्रित परिणाम कुठल्याच यादीत नसतो. तो माशावर दिसतो.

पण मासा औषधाचे नाव सांगत नाही. ‘काहीतरी झाले आहे, आणि ते साधारण या गटातले आहे’ इथपर्यंतच तो नेतो. नाव शोधायला रासायनिक तपासणीच लागते. त्यामुळे एकच करून दुसरे सोडणे मला पटत नाही. माशावरून दिशा घ्यावी आणि मग नेमके काय शोधायचे ते प्रयोगशाळेला सांगावे.

माशाच्या शरीरात औषध साठते का?

सगळी औषधे साठत नाहीत. डीडीटी, एन्डोसल्फान, लिंडेन यांसारखी ऑर्गॅनोक्लोरीन औषधे चरबीत विरघळतात. ती माशाच्या चरबीत, यकृतात, अंड्यांत जमा होतात आणि एका माशाने दुसऱ्याला खाल्ले की वाढत जातात. याचे सर्वांत परिचित उदाहरण कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकचे आहे. तिथे चिलटांचा त्रास कमी करण्यासाठी १९४९, १९५४ आणि १९५७ मध्ये डीडीटीचा भाऊबंद असलेले डीडीडी तलावात टाकले. पहिल्या वेळची मात्रा साधारण सात कोटी भाग पाण्याला एक भाग एवढी कमी होती. तरीही पुढे मासे खाणारे ग्रीब पक्षी मोठ्या संख्येने मेले. त्यांच्या आणि माशांच्या चरबीत डीडीडीचे प्रमाण पाण्यातल्या प्रमाणाच्या हजारो पट निघाले.

आज शेतात चालणारी बरीचशी औषधे अशी साठत नाहीत. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे माशाच्या शरीरातून तुलनेने लवकर निघून जातात. मांसात अवशेष सापडला नाही म्हणून ‘मासा औषधाच्या संपर्कात आलाच नाही’ असा निष्कर्ष काढणे इथे चुकीचे ठरते. अशा वेळी अवशेष शोधत बसण्यापेक्षा औषधाने केलेली इजा मोजावी.

ही इजा मोजतात कशी?

मेंदूतल्या एका एन्झाइमवरून. त्याचे नाव ॲसिटिलकोलिनएस्टरेज. मज्जातंतूतून संदेश गेला की ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन तयार होते आणि हे एन्झाइम ते लगेच तोडून टाकते. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट औषधे नेमके हेच एन्झाइम बंद पाडतात. संदेश थांबतच नाही, स्नायू आखडतात, थरथरतात आणि शेवटी श्वास थांबतो. कीड अशीच मरते, मासाही अशाच प्रकारे मरतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना ज्या शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, त्या प्रकारच्या रुग्णांच्या रक्तातही हेच एन्झाइम तपासतात.

तपासणी अशी होते. मासा बर्फावर ठेवून कवटी उघडतात आणि मेंदू काढतात. बोटभर माशाचा मेंदू डाळीच्या दाण्यापेक्षा फार मोठा नसतो, त्यामुळे हात स्थिर लागतो. तो थंड बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) वाटतात आणि त्या द्रवात दोन रसायने घालतात. एन्झाइम काम करत असेल तर नळीतला द्रव पिवळा होत जातो. निरोगी माशाच्या नळीत पिवळेपणा भरभर चढतो, औषध लागलेल्या माशाच्या नळीत तो रेंगाळतो. रंग चढण्याचा वेग स्पेक्ट्रोफोटोमीटर या रंग मोजणाऱ्या यंत्रावर ४१२ नॅनोमीटरला मोजतात. ही १९६१ ची एलमन पद्धत आहे आणि पदव्युत्तर प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या चांगल्या महाविद्यालयात ती करता येते.

स्वच्छ पाण्यातल्या त्याच जातीच्या माशांच्या तुलनेत एन्झाइम २० टक्क्यांहून जास्त घटले असेल तर संपर्क झाला असे सर्वसाधारणपणे धरतात. घट निम्म्याहून जास्त असेल तर जिवाला धोका. ऑर्गॅनोफॉस्फेटनंतर मेंदूतली पातळी पूर्ववत व्हायला बरेच दिवस, कधी कित्येक आठवडे लागतात, म्हणून उशिरा पोहोचलो तरी पुरावा मिळू शकतो. कार्बामेटचे तसे नाही. तिथे एन्झाइम काही तासांत सावरू लागते, त्यामुळे नमुना उशिरा घेतला किंवा गरम राहिला तर खूण पुसली जाते.

सिंथेटिक पायरेथ्रॉइडचे काय?

सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन ही औषधे वरच्या एन्झाइमला हात लावत नाहीत. ती मज्जातंतूतल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतात. म्हणून एन्झाइमची चाचणी ठीक आली तरी पायरेथ्रॉइडचा संशय मिटत नाही. आपले यकृत ही औषधे बऱ्यापैकी लवकर तोडते, माशाला ते जमत नाही. माणसाला तुलनेने सौम्य वाटणारे औषध माशाला इतके घातक का, याचे मोठे कारण हेच आहे.

डब्यावर निळा किंवा हिरवा त्रिकोण आहे. म्हणजे माशांना चालेल ना?

नाही. हा गैरसमज मला सर्वांत धोकादायक वाटतो. आपल्याकडच्या डब्यांवरचे लाल, पिवळा, निळा आणि हिरवा हे त्रिकोण सस्तन प्राण्यांवरच्या विषारीपणावरून ठरतात. उंदराला तोंडावाटे किंवा त्वचेवाटे किती मात्रा दिली की निम्मे उंदीर मरतात, हा त्याचा पाया आहे. मासा त्या हिशेबात नाहीच. माणसासाठी कमी धोक्याच्या रंगाचे औषध तलावातले सगळे मासे मारू शकते. माशांविषयीची सूचना डब्यासोबतच्या घडीपत्रकात बारीक अक्षरात असते. ती शोधून वाचा.

किती औषध पुरते?

आकडेमोड करून पाहू. मध्यम शेततळ्यात २० लाख लिटर पाणी आहे असे धरा. सायपरमेथ्रिन प्रयोगशाळेच्या चाचण्यांत संवेदनशील माशांना लिटरमागे एका आकडी मायक्रोग्रॅममध्ये (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग) मारते. २० लाख लिटरमध्ये लिटरमागे १ मायक्रोग्रॅम व्हायला फक्त २ ग्रॅम मूळ द्रव्य लागते. १० टक्के ईसी, म्हणजे पाण्यात मिसळून फवारायच्या द्रवरूप औषधात ते २० मिलिलिटरमध्ये असते. म्हणजे एक पंप भरायला जेवढे औषध पडते, जवळपास तेवढेच.

प्रत्यक्षात गढूळ पाण्यात ते गाळाला आणि शेवाळाला चिकटते, त्यामुळे परिणाम थोडा बोथट होतो. पण तळ्याच्या काठावर पंप धुण्याची, उरलेले द्रावण ओतण्याची, रिकामी बाटली पाण्यात विसळण्याची सवय किती महागात पडते ते या हिशेबावरून कळावे. पंप शेतातच, पाण्यापासून लांब धुवा आणि धुतलेले पाणी त्याच पिकावर फवारून टाका.

पिण्याच्या पाण्याच्या मानकात बसणारे पाणी माशांना सुरक्षित असते का?

असेलच असे नाही. भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ मध्ये पिण्याच्या पाण्यात क्लोरपायरीफॉसची मर्यादा लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम आहे. ब्लूगिल नावाच्या अमेरिकी माशावरच्या ९६ तासांच्या चाचण्यांत निम्मे मासे मारणारी मात्रा १० मायक्रोग्रॅमच्या आसपास, काही चाचण्यांत त्याहूनही बरीच खाली आली आहे. माणसाला प्यायला योग्य ठरलेले पाणी माशाला जीवघेणे असू शकते. ‘पाण्याचा रिपोर्ट नॉर्मल आहे’ असे कोणी म्हटले तर रिपोर्ट कुठल्या मानकाशी ताडला ते आधी विचारा.

मासे मेले. औषधानेच मेले हे कसे ओळखायचे?

आपल्याकडे मासे मरण्याचे सर्वांत नेहमीचे कारण ऑक्सिजन संपणे हे आहे, औषध त्याच्या नंतर येते. म्हणून घाईने शेजारच्या शेतकऱ्याकडे बोट दाखवू नका. गावात भांडण लागते आणि खरे कारण तसेच राहते.

ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो, म्हणून त्या कारणाने मासे पहाटे मरतात. मरण्याआधी ते पृष्ठभागावर येऊन तोंड उघडे टाकतात, मोठे मासे आधी जातात, आणि ऊन चढल्यावर उरलेले सावरतात. औषधाने मरण्याला वेळ नसते. भर दुपारीही मासे उलटतात. बहुधा लहान मासे आणि बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) आधी मरतात. मासे वेडेवाकडे, गोल गोल पोहतात, झटके देतात, काठावर आपटतात. ऑर्गॅनोफॉस्फेटने मेलेल्या माशाचे छातीचे पर अनेकदा पुढच्या बाजूला ताणलेले राहतात. हे एकदा नीट पाहिले की पुन्हा ओळखू येते. पाण्यातले किडे, झिंगे, खेकडे हेही मेलेले दिसले तर कीटकनाशकाचा संशय बळावतो, कारण ते बहुतेक कीटकनाशकांना माशांपेक्षाही नाजूक असतात.

मरळ, शिंगी आणि मागूर यांच्याकडे लक्ष द्या. हे मासे वर येऊन हवेतला श्वास घेतात, त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन घटला तरी तग धरतात. तेही इतरांबरोबर मेले असतील तर निव्वळ ऑक्सिजनचे कारण पुरेसे वाटत नाही.

तणनाशकाचा एक वेगळा घोटाळा असतो. ते माशांना थेट मारत नसले तरी तलावातली वनस्पती मारते. ती कुजताना ऑक्सिजन संपतो आणि आठवड्याने मासे मरतात. लक्षणे ऑक्सिजन संपल्याची, मूळ मात्र औषधात.

अंगावर जखमा, व्रण असतील तर रोगाचा विचार करा. १९८८ पासून भारतात आलेल्या व्रणरोगाने मरळीसारख्या माशांचे मोठे नुकसान केले आहे.

नमुना कसा घ्यावा?

सर्वांत चांगला नमुना म्हणजे मरणाच्या दारात असलेला, अजून कल्ले हलणारा मासा. मेलेला घ्यायचाच तर कल्ले गुलाबी-लाल असलेला घ्या. फुगलेला, कल्ले पांढरे पडलेला मासा तपासणीच्या कामाचा नाही.

अवशेष तपासायचे असतील तर मासा ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात ठेवा, प्लास्टिकला थेट लागू देऊ नका आणि फॉर्मॅलिनमध्ये मुळीच टाकू नका. कल्ल्यांची, यकृताची सूक्ष्मदर्शी तपासणी करायची असेल तर मात्र त्या अवयवांचे लहान तुकडे १० टक्के बफर फॉर्मॅलिनमध्येच ठेवावे लागतात. एन्झाइमसाठी मेंदू तिथेच काढून द्रव नायट्रोजनमध्ये किंवा सुक्या बर्फावर ठेवणे उत्तम. ते नसेल तर मासा साध्या बर्फात भरून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवा.

पाणी तपकिरी काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा. तळाचा गाळही घ्या, कारण पायरेथ्रॉइड तिथे जास्त टिकते. वेळ, ठिकाण, पाण्याचे तापमान, गेल्या दोन दिवसांतला पाऊस आणि आसपास कुठल्या पिकावर काय मारले हे लिहून ठेवा.

आणि औषध न पोहोचलेल्या दुसऱ्या तलावातले, त्याच जातीचे, साधारण त्याच आकाराचे मासे घ्या. लोक हेच विसरतात. तुलनेला काही नसेल तर एन्झाइमचा आकडा कमी आहे की त्या जातीत तेवढाच असतो हे कुणीच सांगू शकत नाही.

तपासणीसाठी कोणता मासा चांगला?

त्याच पाण्यात वाढलेला, वर्षभर मिळणारा आणि फार लांब न फिरणारा. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो, म्हणून तिन्ही घेतले तर पाणी आणि गाळ दोन्हींचा अंदाज येतो. गाळात अडकलेल्या औषधासाठी मी मृगळाला पसंती देईन. साठणाऱ्या औषधांसाठी मरळीसारखा शिकारी मासा घ्यावा, कारण तो साखळीत वर असतो.

चिलापी सगळीकडे मिळते म्हणून प्रकल्पांत तीच घेतली जाते. ती काटक आहे. चिलापी जगली यावरून बाकीचे मासे सुखरूप आहेत असे म्हणता येत नाही.

सोडलेले बीज असेल तर ते कधी सोडले ते नोंदवा. गेल्या आठवड्यात हॅचरीतून आलेला मासा तुमच्या तलावाबद्दल फारसे सांगू शकत नाही. एखाद्या ओढ्यात योग्य मासे नसतील तर पिंजऱ्यात मासे ठेवूनही तपासता येते. शेताच्या वरच्या अंगाला एक पिंजरा, खालच्या अंगाला एक, आणि चार दिवस ते काही आठवड्यांनी दोन्हीकडचे मासे ताडून पाहायचे.

मासे मरत नाहीत, म्हणजे पाणी स्वच्छ आहे ना?

नाही, आणि माझ्या मते देखरेखीचा खरा उपयोग इथेच आहे. मरणाच्या मात्रेपेक्षा कितीतरी कमी औषधातही माशाची भूक मंदावते, वास ओळखण्याची क्षमता घटते, शत्रू दिसल्यावर पळण्याचा वेग कमी होतो, अंडी कमी पडतात. तलाव शांत दिसतो. दोन-तीन वर्षांनी सोसायटी म्हणते, ‘बीज सोडतो पण माल निघत नाही.’

आणखी एक शक्यता अमेरिकेत पाहायला मिळाली. १९६० च्या दशकात मिसिसिपीच्या कापूस पट्ट्यातल्या डासमाशांत औषधांविरुद्ध प्रतिकारशक्ती आढळली. ते मरत नव्हते, पण विष अंगात बाळगत होते. असा मासा मोठ्या माशाच्या किंवा बगळ्याच्या पोटात गेला तर विष पुढे जाते.

माशांवरून पाण्यातले औषध ओळखण्याचा जगात खरोखर उपयोग झाला आहे का?

झाला आहे, पण बहुतेक वेळा मोठी हानी झाल्यावर. नोव्हेंबर १९६३ मध्ये मिसिसिपी नदीच्या खालच्या भागात लाखो मासे मेले. तपासात एन्ड्रिनचे नाव पुढे आले आणि १९६७ पासून अमेरिकेत देशभरच्या नद्यांतले मासे ठरावीक काळाने घेऊन त्यांतली औषधे मोजायला सुरुवात झाली. डीडीटीवर बंदी आल्यानंतर माशांमधले प्रमाण उतरत गेले, हे याच नोंदींतून दिसले.

युरोपात जून १९६९ मध्ये ऱ्हाईन नदीत एन्डोसल्फान मिसळून मोठ्या प्रमाणावर मासे मेले. मग १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ कीटकनाशकांच्या गोदामाला आग लागली. आग विझवण्यासाठी मारलेले पाणी औषधांसह ऱ्हाईनमध्ये गेले आणि शेकडो किलोमीटरपर्यंत वाम मासे मेले. ही संख्या सुमारे दीड लाख सांगितली जाते. त्यानंतर ऱ्हाईनवरची देखरेख बदलली आणि रासायनिक यंत्रांबरोबर जिवंत प्राण्यांवर आधारलेल्या इशारा यंत्रणाही कामाला आल्या.

या इशारा यंत्रणा म्हणजे काय?

नदीचे पाणी सतत एका टाकीतून फिरवतात आणि आतल्या माशांचे पोहणे कॅमेऱ्याने किंवा श्वासाची लय इलेक्ट्रोडने टिपतात. लय बिघडली की गजर होतो आणि पाण्याचा नमुना आपोआप भरला जातो. काही देशांत शहरांच्या पाणीपुरवठ्यावर हे वापरतात.

औषधाने मेलेले मासे खाल्ले तर चालतात का?

नाही. विकूही नका, जनावरांना घालू नका. शिजवल्याने औषध जाईल या भरवशावर राहू नका. गावापासून आणि पाण्यापासून दूर खोल खड्ड्यात पुरा. पण आधी नमुना घ्या.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी मासे औषधात ठेवून मारावे लागतात का?

गरज नाही. मासा पृष्ठवंशी प्राणी आहे आणि त्याच्यावर प्रयोग करायचा तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घ्यावी. ९६ तासांत निम्मे मासे मारणारी मात्रा काढण्याचे प्रयोग आपल्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे त्याच त्या औषधांवर झाले आहेत. त्याच औषधाचा आणखी एक आकडा काढून ज्ञानात फार भर पडत नाही. त्यापेक्षा गावच्या बाजारात आलेल्या, जाळ्यात आधीच पकडलेल्या माशांचे मेंदू घेऊन फवारणीआधी आणि फवारणीनंतर एन्झाइम मोजा. नवे औषधच तपासायचे असेल तर झेब्राफिशच्या अंड्यांतल्या भ्रूणांवरची चाचणी उपलब्ध आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने तिची पद्धत २०१३ मध्ये ठरवून दिली. झेब्राफिश मूळचा आपल्याच उपखंडातला, गंगेच्या खोऱ्यातला मासा आहे.

गावपातळीवर सुरुवात कधी करावी?

मे-जूनमध्ये, फवारणीच्या आधी. त्या वेळचे थोडे निरोगी मासे तपासून ठेवले की पुढे ताडून पाहायला आधार मिळतो. नंतर जोराच्या फवारणीचे आठवडे, त्यानंतरचा पहिला मोठा पाऊस आणि शेवटी हिवाळा. जाळे ओढणाऱ्या ढीवर बांधवांना मासा कधी वेगळा वागतोय ते सर्वांत आधी कळते. त्यांच्याकडे एक वही द्या. तारीख, जागा, जात, काय दिसले, एवढेच लिहायचे.

मासे मेल्यावर कळवायचे कुणाला?

जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाला, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयाला आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना, तिन्हीकडे लेखी आणि त्याच दिवशी. नुकसान मोठे असेल तर पंचनामा करून घ्या आणि मासे पुरण्याआधी फोटो काढा. कोणी मासे पकडण्यासाठी मुद्दाम पाण्यात औषध टाकले असेल तर पोलिसांत तक्रार द्या. मासे मारण्यासाठी पाण्यात विष टाकणे कायद्यानुसार गुन्हा आहे. तक्रारीत नमुना कधी घेतला, कसा ठेवला आणि कुणाच्या हातून कुणाकडे गेला हे लिहा. पुढे प्रकरण उभे राहिले तर पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारला जातो.